ऑर्व्हिलकाकांच्या तीन पुंगळ्या

गेल्या बावीस वर्षांत मी दुकानातून तयार काडतुसांचं एकही खोकं आणलेलं नाही. ही फुशारकी नाही. म्हणजे आहे, पण खरी आहे. आमच्या गावात हरणाच्या मोसमासाठी घरटी एक तरी रायफल असतेच, पण स्वतःच्या तळघरात बसून स्वतःची काडतुसं भरणारे आम्ही दोघंच होतो. एक मी, डेलमर, आणि दुसरे मला हे शिकवणारे माझे ऑर्व्हिलकाका.

गोळी सुटून गेली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. बाकीचे लोक ती तिथेच टाकून घरी जातात. आम्ही उचलतो. तिच्या तळाला जळून गेलेली एक इवलीशी टोपी असते, ती ठोकून काढायची. मग अक्रोडाच्या टरफलांचा भुसा भरलेल्या मशीनमध्ये पुंगळी तासन्‌तास घुसळायची, की पितळ नव्यासारखं लख्ख होतं. मग नवी टोपी, मापून दारू, वर गोळी. झालं काडतूस. एकच पुंगळी अशी आठ-दहा वेळा वापरता येते. काका म्हणायचे, "पितळ मरत नाही डेल, दमतं फक्त."

या छंदाने माणूस श्रीमंत होत नाही, पण वाकायला शिकतो. जमिनीवर काही चमकलं की माझी कंबर माझी परवानगी न घेता वाकते आणि हात ती वस्तू खिशात टाकतो. डोक्याला हे पुष्कळ वेळा कळवलंही जात नाही. भाचीच्या लग्नात मी नवरीच्या मैत्रिणीच्या लिपस्टिकचं टोपण असंच खिशात घातलं होतं. ते पुढे माझी बायको आर्डिस हिला सापडलं आणि त्याचा खुलासा करण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

असो. गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑर्व्हिलकाका गेले. शहाऐंशी वर्षांचे होते, झोपेत गेले, तक्रारीला जागा नव्हती. तरी मला फार वाईट वाटलं. माणूस गेल्यावर त्याला विचारायचे प्रश्न आठवतात, तसं झालं.

काकांनी तरुणपणी दोन वर्षं सैन्यात काढली होती. तिथे त्यांनी मुख्यतः टंकलेखन केलं. पण सैनिक तो सैनिक. त्यामुळे गावातल्या माजी सैनिकांच्या तुकडीने त्यांना मानवंदना दिली. ही तुकडी म्हणजे सात म्हातारे आणि सात जुन्या रायफली. थडग्यापासून थोडं दूर उभं राहून ते आकाशात तीन वेळा बार काढतात, नंतर बिगूल वाजतो. मग त्या एकवीस पुंगळ्यांतल्या तीन चांगल्या निवडून, पुसून, घडी केलेल्या झेंड्याशेजारी ठेवायला विधवेच्या हातात देतात. गेली एकतीस वर्षं या तुकडीत काका स्वतः होते. त्या तीन पुंगळ्या दुसऱ्या कुणाच्या हाती न लागू देता तेच घरी नेऊन चमकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये त्या बाईच्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "याला आम्ही विसरणार नाही." गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कपाटात काकांनी दिलेल्या तीन पुंगळ्या आहेत.

आता पाळी लव्हॉनकाकूची होती.

दफनाच्या दिवशी वारा होता. मी काकूसाठी घडीची खुर्ची नेऊन दिली, पुढे जागा उरली नाही म्हणून मागे येऊन त्या सात जणांच्या पाठीशी उभा राहिलो. बार झाले. बिगूल वाजला. तुकडी पावलं टाकत बाजूला गेली. पाद्री म्हणाले, "आपण प्रार्थना करू," आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. घोटाळा तिथेच झाला, कारण मान खाली घातली की माणसाला जमीन दिसते.

मला खरोखर काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी काकांचा विचार करत होतो आणि माझे डोळे भरून आले होते.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे सँडविच, चीज घालून भाजलेले बटाटे, हिरव्या जेलीत किसलेलं गाजर. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो तेवढ्यात तुकडीतला म्हातारा मायलो आला. तो काकांचा चाळीस वर्षांचा मित्र. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"डेल, पुंगळ्या नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"गवतात एकही नाही. मी दोनदा बघितलं. दरवेळी ऑर्व्हिल उचलायचा, आज मी उचलणार होतो. गुडघ्यामुळे जरा थांबलो, लोक जाऊ देत म्हटलं. तर एकवीसच्या एकवीस गायब."

बातमी पसरायला दोन सँडविच लागले. कुणी म्हणालं कावळे, त्यांना चमकदार वस्तू आवडतात. कुणी म्हणालं शहरातून येतात अशा वस्तू गोळा करणारे. आणि मग मी उभा राहिलो. मला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "जो माणूस दफनविधीतून पितळ उचलतो, त्याच्या घरी कुणी जेवायला जाऊ नये." लोकांनी माना डोलावल्या. लव्हॉनकाकूने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, फक्त या चोराला आपण चोर आहोत हे अजून माहीत नव्हतं.

मायलोकडे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आहे. ते घेऊन आम्ही दहा-बारा जण पुन्हा दफनभूमीत गेलो. मी सगळ्यात पुढे. मायलोने यंत्र सुरू केलं आणि ते लगेच कोकलायला लागलं. आम्ही तिथलं गवत पिंजून काढलं. काही नाही. चार पावलं पुढे गेलो, पुन्हा कोकललं. पुन्हा गवत, पुन्हा काही नाही.

"हे डेलजवळ गेलं की वाजतंय," मायलो म्हणाला.

"माझा डावा खुबा," मी म्हणालो. "पाच वर्षांपूर्वी बदललाय. आत धातू आहे."

"हां, खुबा. मग तू जरा लांब उभा राहा."

मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. यंत्र एकदम गप्प झालं. अंधार पडेपर्यंत त्यांना फक्त एक जुना खिळा मिळाला. काखेत कळसा नि गावाला वळसा. माझा तर कळसा खुब्याला टेकलेला होता.

घरी आलो. मन ठिकाणावर नसलं की मी तळघरात जाऊन टोप्या काढत बसतो. त्यासाठी पक्कडीसारखं एक अवजार असतं. त्यात पुंगळी अडकवायची, मूठ दाबायची, टोपी टप्‌कन डब्यात. बघावंही लागत नाही. कोटाचा खिसा समोरच्या ताटलीत रिकामा केला आणि दाबायला सुरुवात केली. आर्डिस जिन्यावर उभी होती.

"कसली माणसं असतील गं?" टप्. "दफनात चोरी?" टप्. "ऑर्व्हिलकाकांच्या दफनात?" टप्. "काकूने आता काय ठेवायचं कपाटात?" टप्. "मला तो सापडू दे फक्त." टप्.

"शांत हो जरा," आर्डिस म्हणाली. "काकूचा फोन आला होता. म्हणाली, मी रागावलेले नाही, फक्त तीन हव्या होत्या. त्याने एवढ्या बायकांना दिल्या, आणि माझ्याच वेळेला नाहीत."

ते ऐकून मला इतकं भरून आलं, की मी उरलेल्या टोप्याही काढल्या, सगळं पितळ मशीनमध्ये ओतलं आणि वर जेवायला गेलो.

झोपण्याआधी मशीन बंद करायला खाली आलो. पुंगळ्या चाळणीत ओतल्या. सोन्यासारख्या चमकत होत्या. एक हातात घेतली आणि तिचं तोंड बघितलं. मानवंदनेच्या काडतुसात गोळी नसते, नुसता आवाज असतो. त्यामुळे त्याचं तोंड पाकळ्यांसारखं दुमडून बंद केलेलं असतं, आणि बार झाल्यावर त्या पाकळ्या पुंगळीच्या तोंडावर तशाच उमललेल्या राहतात.

मी दुसरी घेतली. पाकळ्या. तिसरी. पाकळ्या.

"आर्डिस," मी हाक मारली, "जरा खाली ये. आणि काही बोलू नकोस."

ती आली, तिने बघितलं आणि ती बोलली. "आजपासून आपल्याकडे जेवायला कुणी येणार नाही म्हण."

खरं तर लगेच काकूला फोन करायला हवा होता. पण मी भर जेवणात भाषण केलं होतं. शिवाय यंत्राला खुबा दाखवला होता. मी ठरवलं, सकाळी चर्चच्या आधी जायचं, एकवीसच्या एकवीस पुंगळ्या गवतात टाकायच्या आणि कुणाला तरी सापडू द्यायच्या.

सकाळी गेलो तर मायलो माझ्या आधी तिथे हजर. दुखऱ्या गुडघ्यावर बसून हाताने गवत चाचपत होता.

"मी तुकडी सोडतोय, डेल," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ऑर्व्हिलने एकतीस वर्षांत एक पुंगळी हरवली नाही. मी पहिल्याच दिवशी सगळ्या घालवल्या. आणि त्या पण त्याच्याच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी "बघू या, मी पण शोधतो," असं म्हणून त्याच्या मागून फिरायला लागलो आणि खिशातून एक-एक सोडायला लागलो.

"डेल! ही बघ! अरे, इथेच आहे!"

म्हातारा रडायला लागला. एकवीस पुंगळ्या त्याने डोक्यावरच्या टोपीत गोळा केल्या. "रात्रभर दवात राहून काय चकाकल्यात," तो म्हणाला. मी म्हणालो, दवाचं असंच असतं.

चर्चमध्ये पाद्र्यांनी तयार केलेलं प्रवचन बाजूला ठेवलं आणि हरवलेलं कसं सापडतं, आणि सापडतं तेव्हा कसं उजळून निघतं, यावर बोलले. मायलोने पुढे जाऊन काकूच्या तळहातावर तीन पुंगळ्या ठेवल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "याला आम्ही विसरणार नाही." सगळं चर्च डोळे पुसत होतं. मी सुटलो.

काकू माझ्यापुढे दोन बाक सोडून बसली होती. शेवटचं भजन चालू असताना तिने एक पुंगळी बोटांत फिरवली. मग उलटी केली. तळाशी बघितलं. मग दुसरी. मग तिसरी. मग तिने करंगळीचं नख तळाच्या भोकात घातलं, आणि अगदी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं.

कावळा पुंगळी चोरू शकतो. दव ती धुऊ शकतं, असं मायलोसारख्या भल्या माणसाला वाटू शकतं. पण तळाची टोपी ठोकून काढणारी माणसं आमच्या गावात दोनच होती, आणि त्यातलं एक काल दुपारपासून जमिनीखाली होतं. अठ्ठावन्न वर्षं संसार केलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

कॉफीच्या वेळी तिने मला कोपऱ्यात बोलावलं.

"कधी उचलल्यास?"

"प्रार्थनेत. काकू, शप्पथ, मला कळलंच नाही. मी आत्ता सगळ्यांसमोर सांगतो."

"काही सांगू नकोस. मायलोकडे बघ."

मायलो टोपी छातीशी धरून पुंगळ्या कशा सापडल्या ते चौथ्यांदा सांगत होता.

"त्याला सापडल्यात," काकू म्हणाली. "सापडलेल्याच राहू देत. पण मला एक सांग, डेल. या पुंगळ्यांची तोंडं फाटलेली असतात. तुम्हाला त्यात परत काही भरता येत नाही."

"नाही येत."

"म्हणजे तुझ्या काही उपयोगाच्या नाहीत."

"अजिबात नाहीत."

"मग उचलल्यास कशाला?"

मी पुष्कळ विचार केला. दुसरं उत्तर नव्हतं.

"जमिनीवर होत्या."

काकूने कप खाली ठेवला आणि हसली. आठवड्यात पहिल्यांदा. हसता हसता तिचे डोळे भरले. "अगदी हेच म्हणायचा," ती म्हणाली. "आमच्या मधुचंद्राला तलावाकाठी माझा हात सोडून वाकला होता, तेव्हाही हेच म्हणाला."

मग तिने त्या तीन पुंगळ्या माझ्या हातात दिल्या. "टोपी काढायची ती परत भरण्यासाठी. हे काही परत भरायचं नाही. ऑर्व्हिल यांच्या टोप्या कधी काढत नसे. जा, जशा होत्या तशा करून आण."

त्या दुपारी मी बावीस वर्षांत पहिल्यांदा सगळं काम उलटं केलं. जळक्या टोप्या पुन्हा पुंगळ्यांत बसवल्या, नीट दाबल्या, पुसल्या आणि संध्याकाळी काकूला नेऊन दिल्या. तिने बोट फिरवून तळ बघितला आणि समाधानाने त्या झेंड्याशेजारी काचेच्या कपाटात ठेवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आता त्या दाखवते आणि म्हणते, "या ऑर्व्हिलच्या शेवटच्या तीन."

पितळ ऑर्व्हिलकाकांचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जळक्या टोप्यांचा माझा डबा बावीस वर्षांचा आहे, त्यात काही हजार टोप्या आहेत, आणि त्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्या दुपारी मी डबा हलवून हाताला लागल्या त्या तीन उचलल्या. त्यातली एक तरी, एका मोठ्या शिंगांच्या हरणावर चाळीस पावलांवरून झाडूनही माझा नेम चुकला, त्या गोळीची असावी असा मला दाट संशय आहे. काकूकडे गेलात तर कपाट जरूर बघा, पण एवढं बोलू नका.