तीन ब्राउझर आणि एक केबिन

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावच्या पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ऑर्व्हिलला ‘तुला काय हवं?’ असं कुणी म्हणून विचारलं नव्हतं. जेवायला काय, पडदे कुठल्या रंगाचे, सगळं त्याची बायको मार्लिस ठरवायची. त्यामुळे नव्या कॉम्प्युटरने अदबीने विचारलं, ‘तुमचा मुख्य ब्राउझर कोणता असावा?’ तेव्हा गडी विरघळलाच.

एक ब्राउझर कॉम्प्युटरबरोबरच आला होता. ऑर्व्हिलने कुतूहलापोटी दुसरा उतरवून घेतला, तर पहिला लगेच म्हणतो, ‘खात्री आहे ना? आम्हाला आणखी एक संधी द्या!’ (चाळीस वर्षांच्या संसारात इतकी मनधरणी त्याच्या वाट्याला आली नव्हती.) मग आता दोघं काय म्हणतात बघू या, म्हणून त्याने तिसराही आणला.

“हे तिघं करतात तरी काय?” मार्लिसने विचारलं.

“एकच पान दाखवतात.”

“मग तिघं कशाला?”

“अगं, निवड! माणसाला निवड हवी!”

“ती ठेव तुझ्यापाशी. उद्या आठला तेवढी केबिन मिळव. यंदाही हुकली तर मी रडेन हं, आधीच सांगते.”

केबिन म्हणजे तळ्याकाठच्या सरकारी पार्कातली. लग्नानंतर मधुचंद्राला दोघं तिथेच राहिले होते. पण तिचं बुकिंग सकाळी आठला उघडतं आणि अर्धं मिनेसोटा त्यावर तुटून पडतं.

ऑर्व्हिलने डोकं लढवलं. तिन्ही ब्राउझरमध्ये बुकिंगचं पान उघडलं. (दुकानात नाही का, घरातली माणसं वेगवेगळ्या रांगांत उभी राहतात!) आठ वाजले. पहिल्यात बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. थांबेल तो ऑर्व्हिल कसला! दुसऱ्यात दाबलं, तिसऱ्यात दाबलं.

तिसरा म्हणाला, ‘ही केबिन दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे. त्याने पैसे भरले नाहीत तर मोकळी होईल.’

दुसराही तेच म्हणाला.

“कोण हा हलकट?” ऑर्व्हिल ओरडला. “अरे, घ्यायची तर घे, नाहीतर सोड! नुसता अडवून बसलाय!”

“ठरत नसेल रे त्याचं,” मार्लिस मागून म्हणाली. कॉफीचा मग तिने छातीशी घट्ट धरला होता.

दोघं श्वास रोखून बघत राहिले. बऱ्याच वेळाने केबिन मोकळी झाली. ऑर्व्हिलने झडप घातली, पण तेवढ्यात ती गेलीसुद्धा. मार्लिसच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

बिचाऱ्याने स्क्रीनवरच्या खिडक्या बंद करायला घेतल्या. सगळ्यांत मागे पहिला ब्राउझर होता. तिथे लिहिलं होतं, ‘तुमच्यासाठी केबिन धरून ठेवली होती. पैसे न आल्याने सोडून दिली.’ आणि त्याच्यावर, ‘आम्हाला मुख्य ब्राउझर करता का?’

मार्लिसने ते दोनदा वाचलं. ती काही बोलणार, इतक्यात फोन वाजला. तिची बहीण डेलोरस इतकी ओरडत होती की ऑर्व्हिललाही स्वच्छ ऐकू येत होतं.

“मार्ली, मला केबिन मिळाली! कुणीतरी येडचाप कधीचा धरून बसला होता, आणि मग आपणहून सोडली गं! देव त्याचं भलं करो!”

मार्लिसने डोळे पुसले.

“तूच सांग त्याला, इथेच बसलाय,” ती म्हणाली आणि फोन ऑर्व्हिलच्या हातात दिला.