चुन्याच्या रेघेअलीकडून

कोणत्याही विषयातलं तज्ज्ञ व्हायचं तर त्या विषयापासून योग्य अंतर राखावं लागतं. इतर क्षेत्रांत हे अंतर ज्यानं त्यानं आपल्या मगदुराप्रमाणे ठरवायचं असतं, त्यामुळे तिथे बराच गोंधळ आहे. वराहपालनात मात्र ते ठरवून दिलेलं आहे. तीन रात्री. ज्या माणसाचा गेल्या तीन रात्रींत कुठल्याही डुकराशी संबंध आलेला नाही, त्यालाच दुसऱ्याच्या डुकरांच्या शेडमध्ये पाऊल टाकता येतं. (संबंध म्हणजे एका छपराखाली असणं. याहून जास्त खुलासा नियमात नाही आणि आम्ही मागितलेला नाही.)

नियम शहाणपणाचा आहे. डुकरांचे आजार एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये चालत जात नाहीत. ते बुटांच्या तळव्यांना चिकटून, गाडीत बसून जातात. आणि एका दिवसात एवढ्या शेडमध्ये जाणारे बूट तज्ज्ञांशिवाय दुसऱ्या कोणाचे असणार? त्यामुळे सल्ला आणि साथ या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच गाडीतून येतात, आणि धुऊन त्यातली नेमकी एक काढता येत नाही.

आमच्या वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, डुकरं पाळतात. माझ्याकडे चहा आणि गमबूट ही दोन खाती आहेत. त्यामुळे तज्ज्ञांचा दोन्ही टोकांनी अभ्यास करायची संधी मला मिळाली. पुस्तकी शिक्षण माझं बेताचं. जे सांगते आहे ते धुता धुता समजलेलं आहे.

तर या नियमातून पुढचं सगळं ओघानंच येतं. जो तज्ज्ञ चांगला, त्याला रोज बोलावणं असतं. ज्याला रोज बोलावणं, तो रोज डुकरांत. जो रोज डुकरांत, त्याला कुणाच्याच शेडमध्ये जाता येत नाही. उलट ज्याला कुणी बोलावत नाही, त्याला सगळीकडे मुक्त प्रवेश. पण ज्याला कुणी बोलावत नाही त्याला आपण तरी का बोलावावं? या पेचावर वराहपालनानं शांतपणे तोडगा काढला. तज्ज्ञानं ओसरीवर बसायचं, डुकरानं शेडमध्ये राहायचं, आणि मध्ये चुन्याची एक रेघ मारायची.

बढतीही त्याच न्यायानं मिळते. तीन रात्री डुकरापासून दूर राहिलेला माणूस विश्वासाचा, तर तीन महिने दूर राहिलेला किती तरी जास्त विश्वासाचा. म्हणून सुरुवातीला तज्ज्ञाला डुकराचा ताप घ्यावा लागतो. पुढे तो ताप घेणाऱ्यांवर देखरेख करतो. मग देखरेखीवर भाषणं देतो. आणि सगळ्यांच्या वर एक महातज्ज्ञ असतात. आमच्या भागातल्या महातज्ज्ञांनी एकोणीस वर्षांत डुक्कर पाहिलेलं नव्हतं. त्यांचा हात हातात घेतला तर साबणाचासुद्धा वास येत नसे, इतका तो हात सोवळा होता. त्यांचं नाव निघालं की बाकीचे तज्ज्ञ खुर्चीत सरळ होत.

(मध्यंतरी या सल्ल्याच्या उपयुक्ततेची पाहणी झाली. तज्ज्ञांपैकी शंभर टक्के समाधानी निघाले. पाळणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांनी "चहा घ्या" असं उत्तर दिलं, ते होकारार्थी धरण्यात आलं. डुकरांचं मत घ्यायचं होतं, पण त्यासाठी शेडमध्ये जावं लागलं असतं.)

आता मावशीबद्दल. मावशी ही आमच्या शेडमधली सगळ्यात थोराड डुकरीण. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, आईनं बाजूला लोटलेली. वन्संनी तिला पदराखाली धरून बाटलीनं दूध पाजलं. त्या मुठीचं पुढे पिंप झालं, पण वन्सं अजून तिच्याशी बोलताना आवाज बारीक करतात. तर मावशी व्याली. अकरा पिल्लं झाली, सगळी धडधाकट. आणि दुसऱ्या दिवसापासून मावशीनं खाणं सोडलं. कुंडीत भरडा कालवून ठेवला की हुंगायची आणि भिंतीकडे तोंड करायची. आईनं खाल्लं नाही तर दूध आटतं, आणि दूध आटलं तर अकरा पिल्लांचं काय होतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वन्संनीही जेवण टाकलं. मी डबा भरून शेडच्या दारात ठेवायची आणि तो तसाच परत यायचा. म्हणजे आमच्याकडे आता उपाशी जीव दोन झाले, आणि लवकरच ते तेरा होणार होते.

म्हणून तज्ज्ञ बोलावले. तिघे एकाच गाडीतून आले. एक आरोग्याचे, एक पैदाशीचे, एक उत्पादनाचे. तिघेही सरळ दुसऱ्या एका शेडमधून आले होते, त्यामुळे तिघांना ओसरीवर खुर्च्या दिल्या. वन्सं अंगणापलीकडे शेडच्या दारात उभ्या. मी तज्ज्ञांना चहा दिला, त्याबरोबर मीही बाटले आणि मलाही रेघ ओलांडायची बंदी झाली. सल्लामसलत सुरू झाली. अंगण मोठं असल्यामुळे ती ओरडून करावी लागत होती.

"ताई, ताप किती आहे?" आरोग्यतज्ज्ञांनी विचारलं.

"घेऊ देत नाही ती."

"अंदाजे?"

"अंदाजे आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं.

पैदासतज्ज्ञ पुढे सरकले. हे गृहस्थ कुठल्याही गोष्टीचं मूळ मागच्या पिढीत शोधतात. माझा चहा पाणचट लागल्यावर त्यांनी माझ्या माहेरची चौकशी केली होती. "हिच्या आईचं खाणं कसं होतं?"

"हिची आई मला ठाऊक नाही हो. आईनं टाकलेलं पिल्लू म्हणून विकत घेतली."

"तिथंच घोळ झाला. उपाय आहे यावर, नाही असं नाही. पण तो तीन पिढ्या आधी करायला हवा होता."

"तीन पिढ्या आधी मी शाळेत होते," वन्सं म्हणाल्या. त्या तशा गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत, पण पोट रिकामं असल्यामुळे एवढ्यावरच थांबल्या.

उत्पादनतज्ज्ञ इतका वेळ बोटांवर काही मोजत होते. डुकरानं किती खाल्लं आणि त्याचं वजन किती वाढलं, या दोन आकड्यांवर त्यांचा सगळा धर्म उभा आहे. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "ताई, खाद्य शून्य. वजन?"

"आहे तेवढंच असेल अजून."

"खाद्य शून्य आणि वजन कायम. असा निकाल मी आजवर कुठं पाहिला नाही. अभिनंदन करतो तुमचं."

"मावशीला कळवू का?" वन्संनी विचारलं.

"अवश्य कळवा."

मग आरोग्यतज्ज्ञांनी दुखण्याची लक्षणं मागवली. मावशीची शेड पत्र्याची, त्यामुळे आपलं बोलणं आत नीट पोचावं म्हणून त्यांनी तोंडाभोवती हातांचा कर्णा केला आणि चांगला खणखणीत प्रश्न विचारला. पत्रा घुमला. वन्सं आत गेल्या, बाहेर आल्या.

"तुम्ही ओरडलात की ती दचकून उठते. पिल्लं आचळाला लागलेली असतात ती सुटून पडतात. जरा टेकते की तुम्ही परत विचारता."

"काय म्हणालात?" आरोग्यतज्ज्ञ आणखी मोठ्यानं ओरडले.

"ती दचकते म्हटलं."

"मोठ्यानं बोला."

वन्संनी मोठ्यानं सांगितलं. आतून अकरा पिल्लांचा एकदम कल्ला आला. आरोग्यतज्ज्ञांनी लिहून घेतलं: अस्वस्थता. कारण अज्ञात. मग कारण शोधण्यासाठी तिघांनी मिळून पुढचे प्रश्न विचारायला घेतले, आणि एकमेकांच्या आवाजात आपला बुडू नये म्हणून प्रत्येकानं आपला आवाज थोडा थोडा वर नेला. मी दुसरा चहा टाकला. यात आमची चूक झाली असं मी आजही म्हणणार नाही. घसा ओला झाल्यावर आवाज सुधारतो हे आम्हाला माहीत होतं, तो सुधारू नये हे माहीत नव्हतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वन्सं दारातच खाली बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, तिचं अंग गार लागतंय गं." एवढंच. पण त्या ते ओरडून म्हणाल्या नाहीत, आणि तरीही ओसरीपर्यंत ऐकू आलं. तिघेही तज्ज्ञ एकमेकांकडे पाहू लागले. वाईट माणसं नव्हती ती. आरोग्यतज्ज्ञांनी तर चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, "आता महातज्ज्ञच."

महातज्ज्ञ आले. आत जायचं तर नियमाप्रमाणे अंघोळ करून शेडचेच कपडे घालावे लागतात, म्हणून त्यांनी आमच्या न्हाणीघरात अंघोळ केली आणि वन्संची जादा डांगरी चढवली. ती त्यांना घोट्याच्या बरीच वर आली. गमबूट मी दिले. त्यांनी डावा उजव्यात घातला, मी बदलून दिला. जंतुनाशकाच्या घमेल्यात पाय बुडवताना त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "चावतात का?"

"बोलत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी चुन्याची रेघ ओलांडली. ओसरीवर तिघे तज्ज्ञ उठून उभे राहिले आणि आदरानं गप्प झाले. सकाळपासून प्रथमच आमच्या अंगणात पाल चुकचुकली असती तर ऐकू आली असती. तो आदर कितीतरी वेळ टिकला.

आत काय झालं ते वन्संनी नंतर सांगितलं. महातज्ज्ञ दारात उभे राहिले. पिल्लांकडे बोट दाखवून म्हणाले, "ही सगळी हिचीच?" वन्सं हो म्हणाल्या. त्यांनी विचारलं, "बसू का?" आणि पेंढ्यावर बसले. मावशीनं मान उचलली, त्यांची डांगरी हुंगली आणि आपली हनुवटी त्यांच्या मांडीवर ठेवून दिली. ती हनुवटी साधारण भरल्या पोत्याएवढी आहे. वन्संनी बारीक आवाजात विचारलं, "आता काय करायचं?"

"मला उठता येत नाहीये," महातज्ज्ञ म्हणाले. गेल्या एकोणीस वर्षांतला त्यांचा हा पहिलाच सल्ला असा होता, की ज्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मग ते तिच्या कानामागे खाजवत राहिले. पिल्लं एकेक करून आचळाला लागली. कोणी दचकलं नाही, कोणी सुटलं नाही. बऱ्याच वेळानं मावशीनं तोंड वळवून कुंडी हुंगली आणि खायला लागली. मग वन्संनी डबा उघडला आणि तिथंच तिच्या शेजारी बसून, कोशिंबीर भातात कालवून, सगळा संपवला. मी रेघेअलीकडे उभी होते. मला फक्त डब्याचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. ते पुरलं.

तिन्ही तज्ज्ञांनी यशाची कारणमीमांसा गाडीत बसायच्या आधीच पूर्ण केली. आरोग्यतज्ज्ञांच्या मते लक्षणं वेळेवर लिहून घेतल्यामुळे गुण आला. पैदासतज्ज्ञांच्या मते मावशीच्या आईच्या आईत काहीतरी चांगलं होतं, ते आत्ता उतरलं. उत्पादनतज्ज्ञ मात्र थोडे खिन्न होते. ती खायला लागल्यामुळे त्यांचा निकाल बिघडला होता.

महातज्ज्ञ बाहेर आले तेव्हा त्यांच्या मांडीवर लाळेचा मोठा नकाशा होता आणि केसांत पेंढा. तिघे तज्ज्ञ झटकन मागे सरले. एकोणीस वर्षांची तपश्चर्या एका हनुवटीखाली गेली होती. त्यांची पुढची सगळी भाषणं रद्द करावी लागली, कारण ज्याच्या अंगाला डुकराचा वास येतो अशा माणसानं डुकरांवर बोललेलं श्रोत्यांना विश्वासार्ह वाटत नाही. मी म्हटलं, पाणी गरम आहे, परत अंघोळ करून घ्या. ते म्हणाले, "नको. राहू दे थोडा वेळ."

आता ते नेमानं येतात. मधल्या तीन रात्री घरी इमानदारीनं मोजतात, मग डांगरी घालून मावशीशेजारी बसतात. पिल्लं मोठी झाली, त्यांच्या अंगावरून पळतात. वन्संनी कधी काही विचारलंच तर हात जोडतात. "मला काय कळतंय, ताई. मी आता डुकरांत असतो." तब्येत चांगली सुधारली आहे. (त्यांची.)

पण त्यामुळे महातज्ज्ञांची जागा रिकामी पडली आहे, आणि मावशीच्या लेकीनं कालपासून कुंडीपासून तोंड फिरवलं आहे. वन्संनी डबा परत पाठवलाय. आम्हाला नवीन माणूस तातडीनं हवा आहे. आम्ही बरीच शोधाशोध केली. पात्रता सोपी नाही. कधी शेडमध्ये पाऊल न टाकलेला हवा, डुकराला बोटही न लावलेला, आणि तरीही मावशीचं नेमकं काय बिघडलं होतं हे आम्हा सगळ्यांच्या आधी ज्याला कळलं असा. तेही लांबून, खुर्चीत बसून हे वाचता वाचता, दुसऱ्या चहाच्याही आधी.

तेव्हा तुम्ही उद्या सकाळी तयार राहा. गाडी पाठवते. डांगरीचं माप कळवा, आणि गेल्या तीन रात्रींत कुठल्या डुकराशी संबंध आला असेल तर प्रामाणिकपणे सांगा. (घरच्या माणसांना यात धरायचं नाही.)