उंबरठ्यावरची सभा

पाण्याचा पंप ग्रंथपालांच्या झोपायच्या खोलीखाली बसवला, तेव्हा "जरासा आवाज येईल," असं सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले होते. अध्यक्ष पेशाने ठेकेदार. त्यांचा स्वतःचा फ्लॅट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. पहाटे पंप सुरू झाला की ग्रंथपालांच्या घरातल्या बशा थरथरायच्या, भिंतीवरचा फोटो तिरका व्हायचा आणि त्यांची बायको दचकून उठायची, ती परत झोपायचीच नाही. महिनाभर धड झोप नव्हती. तिचे डोळे खोल गेले होते.

"आज सभा आहे. जा आणि सांगा, पंप हलवा म्हणून," ती म्हणाली.

"अजून एक पत्र लिहू का? जरा मुद्देसूद..."

"पत्रं पुष्कळ झाली. आज तोंड उघडायचं."

ग्रंथपालांनी उभी हयात 'शांतता राखा' या पाटीखाली काढली होती. चार माणसांत बोलायचं म्हटलं की ते कागद-पेन शोधू लागत. तरी ते गेले, आणि वेळेवर गेले. इथेच त्यांचं चुकलं.

सभागृहात रिकाम्या खुर्च्या होत्या, वॉचमन होता आणि मावळते सेक्रेटरी, म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. ग्रंथपालांना पाहून डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"बाकीचे कुठे आहेत?" ग्रंथपालांनी विचारलं.

"घरात. दिवे मालवून. आज नवा सेक्रेटरी निवडायचा आहे ना! आत दिसला तो सापडला. मी गेल्या वेळी गळक्या नळाचं विचारायला म्हणून डोकावलो होतो." डॉक्टरांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "कोरम नाही, सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर हजर असतील तेवढ्यांत घेतली तरी कायदेशीर. तुम्ही बसा, मी दवाखान्याचा दिवा बंद करून आलोच."

दवाखान्याचा दिवा बराच लांब असावा, कारण डॉक्टर परत आले नाहीत.

"काका, झाला की अर्धा तास," वॉचमन म्हणाला. "करा सुरू."

"कोणापुढे?"

"खुर्च्यांपुढे करा. त्या काय खाणार आहेत का तुम्हाला?" असं म्हणून त्याने माइक चालू करून त्यांच्या हातात दिला. हा माइक प्रत्येक मजल्यावरच्या भोंग्याला जोडलेला होता. पाणी जाणार असलं की त्यावरून सूचना देत. वॉचमनला हे ठाऊक होतं. ग्रंथपालांना नव्हतं.

त्यांनी खाकरून घेतलं. "अध्यक्ष गैरहजर असल्याने अध्यक्षपदासाठी मी... मी माझं नाव सुचवतो. इलाज नाही. पंप हलवावा असा ठराव मांडतो. अनुमोदनही मीच देतो. कोणाचा विरोध?"

खुर्च्या गप्प होत्या.

"एकमताने मंजूर!"

आपल्याला असा आवाज आहे हे त्यांना नव्यानेच कळत होतं. त्यांना चव लागली. जिन्यातली चपलांची कपाटं उचलावीत, मंजूर. ठेकेदारांनी पार्किंगमध्ये रचलेल्या फरश्या हलवाव्यात, मंजूर.

तेवढ्यात वरचे दरवाजे धडाधड उघडले. जिन्यावरून पावलं धावत आली. कोणी टॉवेलवर, कोणी अर्ध्या दाढीला साबण लावलेला. सगळा लोंढा सभागृहाच्या दाराशी आला आणि उंबरठ्यापाशी विजेचा झटका बसल्यासारखा थांबला.

"काय चालवलंय हे, काका?" सर्वांत पुढे ठेकेदार होते. "माझ्या फरश्या हलवणारे तुम्ही कोण?"

"आत येऊन बोला ना."

ठेकेदारांनी उंबरठ्याकडे पाहिलं. "बरा आहे मी इथेच."

"मग मत देता येणार नाही. दाराबाहेरचा गैरहजर."

"अहो, मत तुम्हाला तरी कुठे आहे?" ठेकेदार एकदम ओरडले. "फ्लॅट काकूंच्या नावावर! तुम्ही सभासदच नाही! सगळे ठराव रद्द!"

दारातून टाळ्या पडल्या. ग्रंथपालांचा माइक खाली आला. तरी म्हटलं, ते मनाशी म्हणाले, आपल्याला हे जमलंच कसं? आणि बायकोला आता काय सांगायचं?

"जरा सरका हो. टॉवेलवाले, तुम्हीपण."

गर्दी फाकली. बायको बेधडक उंबरठा ओलांडून आत आली आणि पहिल्या रांगेतली खुर्ची ओढून बसली.

"सभासद मी. हजर आहे. अहो, तो पंपाचा ठराव पुन्हा वाचा, म्हणजे मी मांडते."

"मी बोललो तर चालेल का?"

"मघापासून अख्खी इमारत ऐकतेय. आता काय लाजता?"

ग्रंथपालांनी ठराव वाचला, बायकोने तो मांडला. ठेकेदारांनी विरोध करायला एक पाय उचलला.

"या, या," बायको मोठ्या प्रेमाने म्हणाली. "पुढचा विषय सेक्रेटरीचाच आहे. आत आपण दोघंच. एकमेकांचं नाव सुचवू."

ठेकेदारांचा पाय हवेतच राहिला, थोडा थरथरला आणि मुकाट्याने परत गेला.

"मंजूर!" ग्रंथपाल माइकमधून गरजले. "आणि मंजूर झालेला ठराव त्याच सभेत पुन्हा उकरता येत नाही. नियमावली मी वाचली आहे."

"पण पंप हलवून ठेवणार कुठे?" मागून दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"ते नवा सेक्रेटरी ठरवेल," ग्रंथपाल साधेपणाने म्हणाले. "आणि आत सभासद एकच, तेव्हा सेक्रेटरी ही."

बायकोने किल्ल्या उचलल्या आणि खिडकीतून निवांतपणे इमारतीभर नजर फिरवली. "ते पलीकडचं टोक मोकळं दिसतंय. नाहीतर दवाखान्याखाली..."

"थांबा!" ठेकेदारांनी उंबरठ्यावरून उडीच मारली. "सेक्रेटरी मी होणार!"

"तुम्ही कशाला? मला अनुभव आहे!" डॉक्टर त्यांच्या बगलेखालून आत घुसले.

"आमच्या मजल्याला कधी संधीच मिळत नाही!" टॉवेलवाले एका हाताने टॉवेल सावरत ओरडले. बघता बघता सभागृह भरलं, खुर्च्या अपुऱ्या पडल्या, दोघांनी एकच खुर्ची धरून ओढली. सेक्रेटरीपदासाठी निवडणूक घ्यायची वेळ सोसायटीवर पहिल्यांदाच आली होती. वॉचमन भिंतीला टेकून हसत होता.

बायकोने किल्ल्या टेबलावर परत ठेवल्या. "घालू दे त्यांना गोंधळ. आपला पंप हलला. चला, मला झोप आलीय."

"अगं, पण माझं आभारप्रदर्शन राहिलं!"

"घरी करा," ती म्हणाली. "माझेच तर मानायचे आहेत."