ब्लेडला पाजलेले तेल

लाकडाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा, हे मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात निदान चाळीस वर्षे कोणी अमान्य केलेले नाही! माझे पती सुखराम यांची वारासिवनी रस्त्यावर आरा मशीन होती. फळ्या ते कापीत; पण कोणती फळी कोणाच्या चौकटीत जाणार, हे मी ठरवीत असे. किरनापूरहून गिऱ्हाईक येई आणि मालकाला ओलांडून थेट मला विचारी, "गोदाबाई, सागवान पक्कं हाय ना?" मी बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारी, कान लावी आणि म्हणे, "न्या." नाहीतर म्हणे, "ठेवा खाली." यापलीकडे शब्द खर्च करण्याची मला कधी गरज पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. मशीन विकली गेली. त्यानंतर माझा मुलगा नागसेन याने न्हाणीघराला प्लॅस्टिकचे दार बसवले. मग एक सोफा आणला, तो खोक्यातून आला! भुसा दाबून केलेल्या फळीचा सोफा, आणि तो आरा मशीनवालीच्या घरात! मला कोणी विचारले नाही. बसण्यापुरते दाखवले. मी बसले नाही.

म्हणून माझी नात समीक्षा एका सकाळी माझ्या खाटेशी येऊन म्हणाली, "आजी, तुले लाकडाचं समजते ना? मले एक चीज निवडून दे," तेव्हा मी चष्मा पुसण्याचे निमित्त केले. डोळेही त्यातच पुसून घेतले.

समीक्षा टेबल टेनिस खेळते. खेळते म्हणजे मारते! तिच्या समोरची मुलगी चेंडू परतवण्याऐवजी आधी स्वतःला वाचवते, असे मी पाहिलेले आहे. सतरा वर्षांखालील गटातले हे तिचे शेवटचे वर्ष होते. संभागाची, म्हणजे आमच्या विभागाची, निवड स्पर्धा या वेळी आमच्याच गावात होती आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या दोघीच राज्य स्पर्धेला जाणार होत्या. गेल्या वर्षी तिचे एका सामन्याने हुकले होते. त्यानंतर चार दिवस ती धड जेवली नव्हती.

तिचे प्रशिक्षक लोकेश सर तीन नमुने घेऊन आमच्या घरी आले. टेबल टेनिसची रॅकेट हा एकच जिन्नस नसतो, हे मला त्या दिवशी कळले. मधली लाकडी फळी, जिला ब्लेड म्हणतात, ती वेगळी घ्यायची. तिच्या दोन्ही अंगांना चिकटवायची रबरे वेगळी घ्यायची.

नागसेनने लगेच तोंड घातले. "सर, आता सगळे आत कार्बनचं कापड असलेलं घेतात. व्हिडिओत पाह्यलं मी. बॉल गोळीसारखा जाते!"

"जाते ना भाऊ," लोकेश सर म्हणाले, "पण कुठं जाते, हे हिच्या हाताले तं समजलं पाह्यजे! हिचा अटॅक अजून पिकून राह्यला. पूर्ण लाकडाचं ब्लेड हाताले सांगते, बॉल कुठं लागला, किती लागला. आधी ते शिकू द्या."

"आणि चांगल्या लाकडात कोळशाचे कापड घालायचेच कशाला?" मी विचारले. "मग लाकूड तरी कशाला घेता? शेगडीच घ्या!"

नागसेनने माघार घेतली. दोन वर्षांत प्रथमच!

मी तिन्ही ब्लेडे खिडकीशी नेली. पहिले पाच थरांचे होते. टिचकी मारली, तर आवाज दबका, सासूपुढे बोलणाऱ्या सुनेसारखा. "म्हणजे पूर्वीच्या सुनेसारखा," असे मी मुद्दाम जोडले. स्वयंपाकघरात रचनाच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, हातून एक ताट पडले. दुसरेही पाच थरांचेच. पण जाड, जड आणि शेवटच्या थरात किंचित बाक असलेले. तिसरे सात थरांचे. कड न्याहाळली, तर सातही थर सरळ, भरलेल्या वहीच्या पानांसारखे. टिचकी मारली आणि ते स्वच्छ बोलले, टण्ण!

"न्या," मी म्हटले.

लोकेश सर हातच जोडून उभे राहिले. "आजी, मीबी हेच सांगणार होतो! बॉल फिरवणाऱ्याले पाच थराचं, मारणाऱ्याले सात थराचं. अठ्ठ्याऐंशी ग्राम वजन, एकदम बरोबर. तुम्हाले कोणी सांगतलं?"

"लाकडाने," मी म्हटले, आणि त्या भुशाच्या सोफ्यावर जाऊन पाठ टेकून बसले.

इथेच ही कथा संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती.

रबरे नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते. समीक्षाने कोरे ब्लेड माझ्या हाती दिले. "आजी, तुझ्याचजवळ ठेव. पप्पा याच्यावर चाय ठेवून देईन."

मी ब्लेड हातात घेतले आणि मला त्याची दया आली. इतके देखणे लाकूड आणि अंगावर तेलाचा थेंब नाही! आमच्याकडे लाटणे असो, मुसळ असो की कुऱ्हाडीचा दांडा, कोरडे लाकूड कधी कामाला जुंपलेले नाही. आधी त्याला जवसाचे तेल पाजायचे, मग त्याच्याकडून काम मागायचे. परदेशी माणसांना ही रीत ठाऊक नसावी, किंवा जवस पिकत नसावे. मी कटंगीच्या बाजारातले घाण्याचे तेल काढले. सारे घर आपापल्या कामाला बाहेर पडले, की मी रोज एक हात तेल पाजी, गच्चीवर ऊन दाखवी, फडक्याने पुशी आणि पेटीत ठेवी. लपवून केले, असे म्हणू नये. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे मला वाटले नाही! पाण्याला 'ओले हो' असे कोणी सांगते का?

आठ दिवसांत ब्लेड मधासारखे झाले.

"आजी, याचा रंग बदलला काय?" समीक्षाने विचारले.

"ऊन लागले," मी म्हटले. ते खरेच होते. ऊनही लागले होते.

लोकेश सरांनी तराजूवर ठेवले आणि कपाळाला हात लावला. "सत्त्याण्णव! या तराजूचे सेल गेले वाटते." त्यांनी सेल बदलले. ब्लेड सत्त्याण्णवच राहिले. मग त्यांनी तराजू बदलायचे ठरवले.

रबर चिकटवले. अर्ध्या तासात त्याची कड वर आली, जणू कोणी आले का ते पाहत होती. दाबून बसवले, तर दुसरी कड उठली. सर म्हणाले, डिंक शिळा. नागसेन म्हणाला, हवा दमट. रचनाने रॅकेटवर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा ठेवला, वरवंट्यावर हात ठेवून ती दुपारभर बसली. पाटा उचलला, तर रबर पाट्याला चिकटून वर आले!

"कोणी याच्यावर काही लावलं तं नाही ना?" सरांनी विचारले. "वार्निश वगैरे?"

"वार्निश!" माझा संताप अनावर झाला. "सर, या घरात चांगल्या लाकडावर वार्निश लावण्याइतके हलके कोणी नाही!"

सरांनी माफी मागितली. मी त्यांना क्षमा केली आणि त्याच दुपारी नागपूरच्या दुकानदारास दोन पानी पत्र लिहिले. माझे शिक्षण नागपूरचे आहे. पत्र कसे लिहावे, हे मला ठाऊक आहे. 'आपण पाठविलेला डिंक चिकटण्याच्या प्राथमिक कर्तव्यास मुकला असून,' असा त्यात प्रारंभ होता. बिचाऱ्याने क्षमायाचना करून डिंकाची नवी बाटली पाठवली. त्याचे चार थर दिले, तेव्हा रबर एकदाचे बसले. मी म्हटले, "पाहिलेत? खडसावले की डिंकसुद्धा चिकटतो!"

स्पर्धेच्या दिवशी मी पांढरे पातळ नेसून पहिल्या रांगेत बसले. आजूबाजूच्या बायकांना सांगितले, "ती हिरव्या सदऱ्यातली माझी नात. ब्लेड मी निवडले आहे."

उपांत्य सामना जबलपूरच्या मुलीशी होता. दोन डाव हिचे, दोन तिचे. पाचव्या डावात समीक्षा नऊ-आठ अशी पुढे होती. ब्लेड म्हणे हातात ओंडक्यासारखे वाटत होते, टण्ण आवाज केव्हाच मेला होता. पण पोरगी तशीच झुंजत होती. समोरून चेंडू उंच आला. समीक्षाने खांद्यापासून हात फिरवला आणि असा फटका हाणला, की सारे सभागृह उभे राहिले.

चेंडू गेला जाळीत. लाल रबर मात्र जाळीवरून गेले! तव्यावरून निसटलेल्या धिरड्यासारखे गरगरत गेले आणि समोरच्या मुलीच्या खांद्यावर जाऊन बसले. चार थर डिंकाचे! आमच्या ब्लेडला महिनाभर न चिकटलेले रबर त्या परक्या पोरीला पहिल्या फटक्यात चिकटले. दोघी जणींनी ओढून काढले.

पंचांनी ब्लेड हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि नाकाशी नेले.

"अरे, ये तो अलसी का तेल है! बेटा, घर में इस पर पकौड़े तले थे क्या?"

सभागृह हसले. शेजारची बाई इतकी हसली, की माझ्याच खांद्यावर रेलली. समीक्षा हसली नाही. तिने वळून पहिल्या रांगेकडे पाहिले. नुसते पाहिले. माझ्या आयुष्यात लोकांनी माझ्याकडे भीतीने पाहिले आहे, आदराने पाहिले आहे, रागानेही पाहिले आहे. त्या पाहण्यात यांतले काहीच नव्हते. तिला फक्त समजले होते.

नियमाप्रमाणे तिने दुसरी, जुनी रॅकेट घेतली. नऊ-आठचे नऊ-नऊ झालेच होते. पुढे नऊ-अकरा झाले.

घरी येताना रिक्षात नागसेन म्हणाला, "माय, तू काहून लावलं तेल?"

"लाकूड होते म्हणून," मी म्हटले. दुसरे कारण माझ्यापाशी नव्हते.

मला वाटले होते, आता रचना बोलेल. पाटा-वरवंट्याचा, दुपारभर बसण्याचा, पूर्वीच्या सुनांचा, साऱ्याचा हिशेब चुकता करील! घरी पोहोचल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, चहा घ्या." ज्या घरात सून हातची संधी सोडून देते, त्या घरात सासूची सद्दी संपली, असे खुशाल समजावे.

आणि समीक्षा म्हणाली, "जाऊ दे ना आजी. होते कधी कधी."

तिने ओरडावे, असे मला फार वाटत होते. क्षमा मागणे मला येत नाही. या वयात शिकवणी लावता येत नाही. म्हणून मी ते ब्लेड गुपचूप बेसनाच्या डब्यात पुरले. बेसन तेल ओढते, असा माझा हिशेब. पंधरा दिवसांनी काढले, तर ब्लेड केळीच्या पानासारखे वाकलेले होते. बेसनाचा रचनाने झुणका केला. सर्वांनी निमूट खाल्ला.

त्यानंतर महिनाभर मला कोणी काही विचारले नाही. भाजी कोणती, हेही नाही.

मग एका रविवारी लोकेश सर पुन्हा आले. समीक्षाने माझ्या खाटेवर स्वच्छ चादर अंथरली आणि तीन ब्लेडे मांडली. "आजी, आता एकोणीसच्या गटात खेळाचं हाय. तूच निवड."

मी तिच्या तोंडाकडे पाहिले. ती ठाम होती. नागसेन उभा होता, रचना पदराला हात पुसत उभी होती. मी एकेक ब्लेड उचलले, कड पाहिली, टिचकी मारली. मधले मला आवडले. मुठीपाशी तिळासारखा काळा डाग होता, पण बोली स्वच्छ होती.

"न्या," मी म्हटले.

"वा, आजी!" चौघेही एकदम म्हणाले. इतके एकमत आमच्या घरात यापूर्वी कधी झालेले नव्हते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी उदार झाले होते. "या वेळी माझ्याजवळ नको. सरांकडेच ठेवा," असे मीच होऊन सांगितले. सर म्हणाले, "हौ हौ, माझ्याकडेच ठेवतो."

पंधरा दिवसांनी सरांच्या पत्नीने, गीताने, मला मुरंबा कसा जमला ते चाखायला बोलावले. स्वयंपाकघरात पाटावर बसले, तर समोर दह्याचे मडके. मडक्यावर झाकण. झाकणाच्या मुठीपाशी तिळासारखा काळा डाग.

"गीता, ही फळी?"

"हे होय? जुनं ब्लेड हाय सरचं. तीन सालापासून दह्यावर झाकून राह्यली मी. मागं एका रविवारी घेऊन गेलते, म्हणे कोणाले दाखवाचं हाय. संध्याकाळी वापस आणून देल्लं." ती मुरंबा वाढू लागली. "समीक्षाचं नवीन ब्लेड मस्त आलं ना, आजी? त्या रविवारच्या आधीच्याच हप्त्यात रबरबी लागलं. अन् पक्कं चिकटलं, बरं!"

मी मुरंबा खाल्ला. गोड होता, असे सांगतात.

निघताना मी झाकण उचलून पाहिले आणि पुन्हा नीट बसवले. मडक्यावर ते कोठेही फट न ठेवता बसत होते.

"चांगले आहे," मी गीताला म्हटले. "बदलू नकोस."

घरी आले, तेव्हा समीक्षा सरावाहून आलेली होती, घामाने निथळत, गाल लाल. मी विचारले, "ब्लेड कसे आहे?"

"एकदम मस्त, आजी!" तिने माझ्या गळ्यात हात टाकले. "तूच तं निवडलं!"

चाळीस वर्षे मी शुद्ध बोलत आले आहे. त्या क्षणी मात्र माझ्या तोंडून एवढेच निघाले,

"हौ."