विहीणबाईंच्या कापडाचं छत

ओपोकूच्या जुन्या गाडीत छताचं कापड सुटून लोंबायला लागलं होतं. बायकोच्या, सेरवाच्या, केसांतल्या पिना टोचून त्याने ते कसंबसं वर धरलं होतं, पण कुमासी शहरातल्या खड्ड्यांपुढे पिना किती तग धरणार? एखादी निसटायची आणि कापड थेट डोक्यावर यायचं. शनिवारी मुलाचा, बोन्सूचा, साखरपुडा. असल्या गाडीतून विहीणबाईंच्या दारात उतरायचं, या विचाराने त्याला जेवण जात नव्हतं. शेवटी आदल्या दिवशी, घाईघाईत, त्याने गाडी, गाड्यांना आतून कापड लावणाऱ्या फ्रिम्पाँग मास्टरच्या शेडमध्ये उभी केली.

"छत, दारांची आतली बाजू, सगळं नवं कर. कापड डिकीत आहे. उद्या सकाळी गाडी पाहिजे!"

"दादा, गोंद तरी वाळू द्याल की नाही?"

"इथं माझा जीव वाळतोय, त्याचं काय?"

शनिवारी सकाळी नवरा-बायको गाडी घ्यायला गेले. ओपोकूने दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. छतावर पिवळ्याधमक कापडात निळी पाखरं उडत होती. दारांवरही पाखरं. समोरच्या काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपांवरही पाखरं.

"काय पसंती आहे हो तुमची, दादा!" फ्रिम्पाँग खुशीत म्हणाला. "उरलेलं दारांना लावलं. चिंधीसुद्धा वाया घालवली नाही."

सेरवा मटकन शेजारच्या टायरवर बसली. "अहो, हे विहीणबाईंचं कापड! तुम्ही विसराल म्हणून मी आधीच डिकीत ठेवलं होतं."

"आणि माझं राखाडी कापड?"

"ते घरी काढून ठेवलं. मला वाटलं, गादीचं अस्तर आहे."

आता हे साधं कापड असतं तर बाजारातून दुसरं आणता आलं असतं. पण नवरीच्या आईला द्यायचं कापड म्हणजे खेळ नव्हे, आणि विहीणबाई, अचियाबाई, म्हणजे तर मुळीच नव्हे. हा नमुना त्यांनी स्वतः निवडलेला, आणि दुकानातला शेवटचा तुकडा सेरवाने भांडून मिळवलेला. थोरल्या मुलीच्या वेळी कापडाचा रंग चुकला म्हणून याच बाईंनी आलेली मंडळी दारातूनच परत पाठवली होती. ते लग्न काही झालं नाही.

"उचकटून दे!" ओपोकू ओरडला.

"उचकटतो की. पण पाखरं गोंदाला राहतील, तुमच्या हाती नुसत्या दशा येतील."

शेवटी त्याच गाडीतून सगळे मुलीच्या घरी निघाले. मागच्या सीटवर बोन्सू रडवेला होऊन बसला. त्याच्या शेजारी आफ्रिये आत्या. मुलाकडून बोलायचा मान तिचा. गोंदाच्या वासाने सगळ्यांची डोकी गरगरत होती. "आत्या, आता गं?" बोन्सूने विचारलं.

"गप्प बस. मला विचार करू दे."

मुलीच्या दारातल्या मांडवात मानाच्या दारूच्या बाटल्या, अंगठी, बायबल, सगळं ओळीने मांडलं गेलं. मुलीकडून बोलणाऱ्या बाईंनी एकेका वस्तूवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आईचं कापड?"

ओपोकूने डोळे मिटले. आत्या उठली, पदर सावरावा तसं तिने खांद्यावरचं कापड सावरलं. "अशा आईचं कापड कुणी ताटात आणतं का? आम्ही त्याला चाकं लावून आणलंय. बाहेर चला!"

सगळा मांडव बाहेर लोटला. अचियाबाई मागच्या सीटवर बसल्या, त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ खाली केलीच नाही. गोंदाने म्हणा की भरून आल्याने म्हणा, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माझा इतका मान आजवर कुणी केला नव्हता," त्या म्हणाल्या. "पोरगी तुमची."

बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. बोन्सू तर नाचायलाच लागला. ओपोकूच्या जिवात जीव आला, तोच मुलीकडून बोलणाऱ्या बाईंनी त्याच्यापुढे हात पसरला.

"काय?" ओपोकूने विचारलं.

"किल्ली. कापड दिलंत ना? मग ते न्यायचं कसं?"

त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या आभाळाकडे पाहत होती. बोन्सूचं नाचणं थांबलं. ओपोकूने खिशात हात घातला.

संध्याकाळी नवरा-बायको भाड्याच्या खच्चून भरलेल्या व्हॅनमधून घरी निघाले. पहिल्याच खड्ड्यात छताचं कापड सुटून ओपोकूच्या डोक्यावर आलं. त्याने ते हाताने वर धरलं आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं,

"सेरवा, पिना आहेत का गं?"