चित्राबरहुकूम मेहमूद

वरवंडला हमरस्ता रुंद करायचं ठरलं, आणि त्यात गाद्या पिंजणाऱ्या मेहमूदचं दुकान जाणार होतं. बदल्यात गाळा हवा असेल, तर तो पारंपरिक कारागीर असल्याची खात्री सरकारी समितीनं करायची होती. त्यासाठी समितीकडे एकच पुरावा होता. इंग्रजांच्या काळी एका गोऱ्या साहेबानं रंगवलेलं चित्र: आमच्याकडचे लोहार, सुतार आणि पिंजारी, कामात गढलेले.

मेहमूदच्या वडिलांनी आमच्या ओट्यावर बसून आईची गादी पिंजली होती. कापूस पिंजायच्या धनुकलीच्या टणटण ठेक्यावर आम्ही मुली फुगड्या घालायचो. हे सांगायला मी मुद्दाम गेले.

"मावशी, आठवण ग्राह्य नाही," समितीचे साहेब म्हणाले. "चित्राशी जुळलं पाहिजे."

दुकानासमोर टेबल मांडून चित्र पसरलं गेलं. चित्रात वीज नव्हती. मेहमूदचं पिंजायचं मशीन बाहेर आलं. चित्रातला पिंजारी उघडा होता. मेहमूदचा शर्ट उतरला. चित्रातल्याच्या बरगड्या दिसत होत्या. इथे काम अडलं. साहेबांनी शेरा मारला, "कारागीर चित्रापेक्षा जाड."

"आख्खा रमजान रोजं धरून तसूभर उतरला न्हाई," मेहमूदची बायको रोशनबी म्हणाली. "तुमच्या शेऱ्यानं उतरतोय व्हय?"

"बाई, सहकार्य करा."

"करते की! लग्नाआधी ह्यो काडीच हुता. माझ्या हातचं खाऊन फुगला. मलाच काढा चित्राबाहीर!"

साहेबांनी चित्र नीट तपासलं. "तुम्ही चित्रात नाहीच आहात," ते गंभीरपणे म्हणाले.

मेहमूदनं बापाची धनुकली छातीशी धरली आणि पोट आत ओढलं. "सायेब, बिगी बिगी बघा. दम टिकंल तवरच बारीक हाय."

चित्राच्या कोपऱ्यात एक गोरा साहेब खुर्चीत बसला होता. मागे एक गावकरी छत्री धरून उभा होता. एव्हाना ऊन चढलं होतं. समितीचे साहेब खुर्चीत होते, मागे शिपाई छत्री धरून.

"हे मात्र तंतोतंत जुळतंय," मी म्हटलं.

साहेबांची कळी खुलली. गाळा लगेच मंजूर. अट एकच: चित्रात नाही ते गाळ्यात नको.

तेव्हापासून मशीन घरी गंजतंय. रविवारी गाळा बघायला पुण्याच्या गाड्या थांबतात, मेहमूद पोट आत ओढून बसतो. शेजारी फोमच्या गाद्यांचं दुकान निघालंय.

तुम्हीही आला होतात. "किती जिवंत वाटतं!" म्हणत फोटो काढलात. निघताना तुमच्या गाडीच्या टपावर बांधलेली गादी मी पाहिली. कापसाची नव्हती.