निरीक्षकांच्या गाडीत वाघ शिरला

"बसची वाट कशाला बघायची? अशी बसशील आणि अशी उतरशील!"

वजनमापे निरीक्षकांनी बायकोला छाती फुगवून सांगितलं आणि मोटारसायकलला किक मारली. इंजिनानं ती किक व्याजासकट परत केली. निरीक्षक एका पायावर अंगणभर नाचले.

"अहो, आज माझी मेट्रनची मुलाखत आहे," बायको म्हणाली. इतकी वर्षं नर्स म्हणून रात्रपाळ्या काढल्यावर कुठे ही संधी आली होती. "आजच हे प्रयोग नकोत!"

पण प्रयोग होऊन चुकला होता. गेल्या महिन्यात चढावर मेव्हण्याची खटारा स्कूटर निरीक्षकांच्या पुढे निघून गेली होती. वर मेव्हण्यानं मागे वळून विचारलं होतं, "भाऊजी, उतरून ढकलू का?" ते शब्द काळजात रुतले. दुसऱ्याच दिवशी निरीक्षक गॅरेजात हजर!

"पिस्टन मोठा घालू, कार्ब्युरेटर रुंद करू. गाडीचा वाघ होईल!" मेकॅनिक म्हणाला होता. "फक्त वाघाला भूक जास्त. पेट्रोल पिईल, तापेल, थरथरेल, हळू चालवलीत तर बंद पडेल. आणि साहेब, वाघाला शेळीचे ब्रेक पुरायचे नाहीत. तेही बदला."

"ब्रेकचं मागाहून बघू. आधी पळू तर दे!"

दुकानदाराच्या तराजूत केसाएवढा फरक खपवून न घेणारा हा माणूस, पण इथे त्याला एकच पारडं दिसत होतं.

अखेर वाघ डरकाळला. मोकळ्या रस्त्यावर बस मागे पडली, तेव्हा निरीक्षकांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. बायकोच्या अंबाड्यातल्या पिना मात्र एकेक करून रस्त्यावर सांडत होत्या. आरशात एकाच ट्रकचे तीन ट्रक दिसत होते.

"अ-अ-अहो, ह-ह-हळू!"

"ह-हळू केली तर ब-ब-बंद पडेल!"

पुढे चौक आला आणि सिग्नल लाल झाला. थांबावं तर पुन्हा ती किक! निरीक्षकांनी शक्कल लढवली. ते चौकातल्या कारंज्याभोवती गोल फिरू लागले.

"ओ, कुठे निघालात?" पोलीस ओरडला.

"हॉस्पिटलात!" निरीक्षक एवढंच म्हणाले आणि कारंज्यामागे गेले.

पोलिसानं मागे बसलेल्या बाईंकडे पाहिलं. केस सुटलेले, चेहरा पांढराफटक, अंग थडथड उडतंय. पुढच्या फेरीला त्यानं काळजीनं विचारलं, "सिरियस आहे का हो?"

"फार! सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

झालं! पोलिसानं शिट्ट्या फुंकून रस्ता मोकळा केला आणि हॉस्पिटलला कळवलं, "बाई शेवटच्या घटका मोजताहेत, तयारीत राहा!"

त्यामुळे हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर, ऑक्सिजन, दोन डॉक्टर आणि गडबड ऐकून बाहेर आलेली मुलाखतीची अख्खी समिती उभी होती. निरीक्षकांनी रुबाबात ब्रेक दाबला. ब्रेक नुसता कण्हला! गाडी स्ट्रेचर ढकलायच्या उतारावरून वर चढली आणि चादरींच्या गाठोड्यांत घुसली. बायको गाठोड्यांवर पडली. निरीक्षक सायलेन्सरवर पोटरी भाजून फरशीवर लोळू लागले.

"पेशंट कुठाय?" डॉक्टर ओरडले.

बायको उठली. साडी झटकली. "आत्तापर्यंत कोणी नव्हता. आता हे आहेत. थंड पाणी आणा! तुम्ही पेट्रोलचा कॉक बंद करा! बाकीच्यांनी मागे व्हा!"

सगळे निमूट कामाला लागले. समितीचे अध्यक्षसुद्धा मागे झाले. पोटरीवर पाणी ओतता ओतताच मुलाखत सुरू झाली.

"न ऐकणाऱ्या नातेवाइकांना तुम्ही कसं आवरता?" अध्यक्षांनी विचारलं.

निरीक्षक त्याच वेळी "गाडीला काही झालं नाही ना?" म्हणत उठू पाहत होते. बायकोनं एका हातानं त्यांना परत आडवं केलं.

"असं."

निकाल दुपारीच लागला. नव्या मेट्रनबाई पहिल्या राउंडला पुरुषांच्या वॉर्डात आल्या. पायाला बँडेज बांधलेले निरीक्षक कोपरावर रेलून ऐटीत म्हणाले, "पण कबूल कर, शेवटी माझ्या गाडीमुळेच तुला—"

मेट्रनबाईंनी त्यांच्या तोंडात थर्मामीटर खुपसला आणि त्या पुढच्या वॉर्डात निघून गेल्या.